कोरडी त्वचा आणि न आलेले दात यांचे एकच मूळ

साधारण सात वर्षांच्या मुलाच्या जबड्याचा पूर्ण एक्स-रे, ज्याला दातांच्या दवाखान्यात ओपीजी म्हणतात, उजेडासमोर धरला की दातांचे दोन मजले दिसतात. हिरडीच्या बाहेर दुधाचे दात असतात आणि त्यांच्या मुळांशी, हाडाच्या आत, कायमचे दात शेंगेतल्या दाण्यांसारखे आपापल्या जागी बसलेले असतात. काही मुलांच्या फिल्मवर मात्र हे दाणे मध्येच गायब असतात. दुधाच्या दाताखाली नुसते हाड दिसते. तो दात किडलेला नाही, पडलेला नाही, उशिरा येणारही नाही, कारण तो मुळात तयारच झालेला नाही. याच मुलाच्या कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत खाजून खाजून जाड झालेली त्वचा असेल, तर तिची फाइल बहुधा दुसऱ्याच दवाखान्यात असते. त्वचेचे डॉक्टर इसबावर मलम देतात, दातांचे डॉक्टर फट बुजवण्याचा विचार करतात, आणि ही दोन दुखणी एकाच ठिकाणाहून आलेली असू शकतात हा विचार दोन्ही दवाखान्यांच्या मधल्या रस्त्यात हरवतो. तो विचार नीट मांडावा, एवढ्यासाठीच हा लेख आहे.

आधी दातांचा हिशेब पाहू. अक्कलदाढा बाजूला ठेवल्या तर जगभरातील सुमारे ६ टक्के लोकांमध्ये एखादा तरी कायमचा दात जन्मतःच नसतो. बहुतेकांना एक किंवा दोनच दात कमी असतात. खालच्या जबड्यातील दुसरी उपदाढ किंवा वरच्या पटाशीच्या दातांपैकी बाजूचा दात हे त्यातले नेहमीचे गैरहजर. अक्कलदाढा न येणे इतके सर्रास आहे की त्यांची गणती यात करतच नाहीत. अक्कलदाढा सोडून सहा किंवा त्याहून अधिक दात नसतील तर ती अवस्था दुर्मीळ मानली जाते आणि तेव्हा जनुकीय कारण शोधायलाच हवे. दात नुसते कमी असणे ही एक खूण झाली. असलेले दात खुंटीसारखे निमुळते, टोकदार असणे ही तिच्याइतकीच बोलकी दुसरी खूण आहे.

आता त्वचा आणि दात यांचे नाते. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पेशींचे तीन थर तयार होतात. त्यांपैकी सर्वांत बाहेरच्या थराला बाह्यस्तर म्हणतात. त्वचेचा वरचा पापुद्रा, केस, नखे, घामाच्या ग्रंथी, तेलग्रंथी, स्तनग्रंथी आणि दातावरचे कठीण कवच हे सगळे या थरापासून घडते. गर्भधारणेच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास तोंडाच्या आतल्या बाजूला हा थर एका पट्टीत जाड होतो आणि त्या पट्टीवर ठरावीक अंतराने बारीक उंचवटे येतात. प्रत्येक उंचवटा खाली असलेल्या पेशींना संदेश पाठवतो, खालच्या पेशी उलट संदेश देतात, आणि या देवाणघेवाणीतून आधी कळी, मग टोपी, मग घंटा अशा आकारांतून जात दात घडतो. दाताचे वरचे कवच बाह्यस्तराचे असते, पण आतला मुख्य भाग त्या खालच्या पेशींचा असतो, म्हणून संदेश पोहोचला नाही तर दोघांचेही काम थांबते. केस उगवतो तोही अशाच उंचवट्यापासून आणि घामाची ग्रंथीही अशाच उंचवट्यापासून. कोणत्या जागी काय घडवायचे हे पुढे वेगवेगळे ठरते, पण पहिला इशारा देणारी यंत्रणा बरीचशी सामाईक आहे.

या यंत्रणेतील सर्वांत नीट अभ्यासलेला संदेश म्हणजे ईडीए नावाचे प्रथिन. हे प्रथिन म्हणजे किल्ली मानले तर ईडीएआर हे पेशीवरचे कुलूप आहे, आणि कुलूप उघडल्याची बातमी ईडीएआरएडीडी नावाचे आणखी एक प्रथिन पेशीच्या आत पोहोचवते. बातमी शेवटी पेशीच्या केंद्रकापर्यंत जाते आणि तेथे ‘येथे उंचवटा घडवा’ असा हुकूम निघतो. किल्ली, कुलूप आणि निरोप्या या तिन्हींची आपापली जनुके आहेत. कोणत्याही एका जनुकात बिघाड झाला तरी बाहेरून दिसणारा परिणाम जवळजवळ सारखाच असतो: विरळ आणि पातळ केस, फार थोडा घाम किंवा अजिबात घाम नाही, आणि मोजकेच, निमुळते दात. या आजाराला घाम कमी येणारा एक्टोडर्मल डिसप्लेसिया म्हणतात. त्याच्या ठळक स्वरूपात कायमचे दात सरासरी नऊच्या आसपास येतात, एरवी जेथे बत्तीस यायला हवेत. ही तीन जनुके आणि विंट-१०-ए नावाचे चौथे जनुक मिळून या आजाराच्या सुमारे ९० टक्के घटनांचा उलगडा करतात.

या आजाराची एक जुनी नोंद आपल्या उपखंडातली आहे. सिंध प्रांत मुंबई इलाख्यात होता त्या काळात वेडरबर्न नावाच्या गृहस्थाने तेथील एका हिंदू कुटुंबाची हकिकत चार्ल्स डार्विन यांना कळवली होती, आणि डार्विन यांनी ती पाळीव प्राणी व वनस्पती यांच्यातील बदलांविषयीच्या आपल्या ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत घातली. त्या कुटुंबातील चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना दोन्ही जबडे मिळून चार बारीक, दुबळे पटाशीचे दात आणि आठ दाढा होत्या, अंगावर केस फार थोडे होते, टक्कल लवकर पडे, आणि उन्हाळ्यात त्वचेच्या अति कोरडेपणाने ते हैराण होत. मुलींना हा त्रास कधीच होत नसे, पण त्यांच्या मुलग्यांमध्ये तो उतरे; बाधित बापाकडून मुलग्याकडे तो गेल्याचे एकही उदाहरण नव्हते. गुणसूत्रे काय असतात हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, तरी हे वर्णन इतके काटेकोर आहे की आजचा विद्यार्थी ते वाचून निदान सांगू शकेल. त्याआधी १८५९ मध्येच डार्विन यांनी बिनकेसांच्या कुत्र्यांचे दात अपुरे असतात असे लिहून ठेवले होते, आणि २००८ मध्ये मेक्सिकन व चिनी बिनकेसांच्या कुत्र्यांमध्ये त्यामागचे जनुक सापडलेही. ईडीए हे जनुक माणसात १९९६ मध्ये हाती लागले. म्हणजे सिंधमधल्या त्या कोरड्या त्वचेचा आणि कमी दातांचा खुलासा व्हायला एकशेवीसहून अधिक वर्षे लागली.

त्या कुटुंबात मुलींना त्रास का नव्हता? ईडीए जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाकडे एकच एक्स असतो, त्यामुळे त्यावरची प्रत बिघडलेली असली तर पर्यायी प्रत नसते. स्त्रीकडे दोन एक्स असतात. अशा वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी असते, तर बाधित पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक होतात आणि मुलगे पूर्ण सुटतात. पण वाहक स्त्री पूर्णपणे कोरी असते हा समज चुकीचा आहे, आणि डार्विन यांच्या नोंदीतही ही एवढी गोष्ट निसटली असावी असे मला वाटते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, ही कल्पना मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडली. त्यामुळे वाहक स्त्रीची त्वचा दोन प्रकारच्या पट्ट्यांची बनलेली असते. तिच्या पाठीला आयोडीनचे द्रावण लावून, ते वाळल्यावर वर स्टार्चची पूड भुरभुरली आणि तिला थोडा वेळ उबेत बसवले, तर घाम येतो तेथे पूड निळीकाळी होते आणि घाम येत नाही तेथे फिकट पट्टे तसेच राहतात. पाठीच्या मध्याशी ते इंग्रजी व्ही अक्षरासारखे खाली वळलेले दिसतात. आयुष्यभर जी गोष्ट तिला स्वतःला कधी जाणवली नाही ती पाठीवर अशी लिहिल्यासारखी उमटते. अनेकदा तिचा एखादा पटाशीचा दात निमुळता असतो किंवा नसतोच, केस पातळ असतात, आणि स्तनग्रंथी कमी वाढलेल्या असल्या तर बाळंतपणानंतर दूध पुरत नाही. या शेवटच्या गोष्टीबद्दल किती बायकांनी घरात टोमणे ऐकले असतील याचा विचार केला की वाईट वाटते. तिच्या खाण्यापिण्याचा किंवा मनाचा त्यात काही दोष नसतो, आणि मुलाचा आजार ‘आईकडून आला’ हे विज्ञानाचे विधान आहे, तो आरोप होऊ शकत नाही.

कुलपाच्या आणि निरोप्याच्या जनुकांची गोष्ट वेगळी आहे, कारण ती एक्सवर नाहीत. त्यांच्या काही बिघाडांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी पडते, आणि तेव्हा प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, धोका चारात एक असतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत अजून आहे. नात्यातल्या दोघांकडे एकाच पूर्वजाकडून आलेली तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, म्हणून अशा घरात एका मुलाला हा आजार निघाला तर पुढच्या गरोदरपणाआधी आनुवंशिकतेच्या तज्ज्ञांचा सल्ला घेणे फार मोलाचे ठरते.

आता इसबाकडे येऊ. दात कमी असण्याशी त्याचा संबंध दोन वाटांनी जुळतो. पहिली वाट सरळ आहे: ज्या संदेशाअभावी दात घडला नाही, त्याच संदेशाअभावी घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी घडल्या नाहीत. दुसरी वाट त्याच्या पुढची आहे. घाम आपण नुसता गारव्यासाठी असतो असे समजतो, पण घामातील युरिया, लॅक्टेट यांसारखे पदार्थ त्वचेत पाणी धरून ठेवतात आणि घामातील डर्मसिडिन नावाचे प्रथिन जंतूंना आवर घालते. तेलग्रंथींचा ओशटपणा वरून झाकण घालतो. हे दोन्ही नाहीत म्हणजे त्वचेचा वरचा थर वाळतो, त्याला बारीक भेगा जातात, धूळ, साबण, जंतू आत शिरतात आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा तेथे सतत भडकलेली राहते. ही भडकलेली, खाजणारी त्वचा म्हणजेच इसब. एक्टोडर्मल डिसप्लेसियाच्या मुलांमध्ये इसबाचे प्रमाण इतर मुलांपेक्षा बरेच जास्त असते, शिवाय दमा आणि ॲलर्जी यांचेही प्रमाण जास्त आढळते. डोळ्यांभोवती काळसर, सुरकुतलेली त्वचा हीदेखील या मुलांची एक ओळखीची खूण आहे, आणि जन्मानंतर लगेच सगळ्या अंगाची साल निघत असल्याचे अनेक आया सांगतात.

ईडीएच्या साखळीबाहेरही असे दुवे आहेत. विंट-१०-ए या जनुकात बिघाड असला की दातांची संख्या तर कमी होतेच, पण त्वचेचे चित्र उलटे असू शकते: तळहात-तळपाय जाड होतात आणि तेथे घाम जास्त येतो. केवळ दात कमी आहेत, बाकी सारे ठीक आहे, अशा लोकांच्या २०१२ मधील एका अभ्यासात निम्म्याहून अधिक जणांत याच जनुकात बदल सापडले. पी-६३ हे जनुक तर या सगळ्यांच्या वरचे. ते काढून टाकलेल्या उंदरांच्या पिल्लांना धड त्वचा आणि दात दोन्ही नव्हते, हे १९९९ मध्ये दिसले. माणसात त्याच्या बिघाडाने टाळू दुभंगणे, डोक्याच्या त्वचेवर न भरणाऱ्या जखमा आणि दातांची कमतरता एकत्र येतात. ईडीएची बातमी पेशीच्या आत पुढे नेणाऱ्या साखळीत निमो नावाचे एक प्रथिन आहे, आणि तीच साखळी जंतूंशी लढतानाही वापरली जाते. म्हणून निमोमध्ये बिघाड असलेल्या मुलग्यांना दात आणि घाम कमी असतोच, शिवाय वारंवार गंभीर संसर्ग होतात. त्याच जनुकाच्या वेगळ्या बिघाडाने नवजात मुलींच्या अंगावर रेषांमध्ये फोड येतात, जे पुढे जाऊन तपकिरी वेटोळ्यांसारखे डाग होतात, आणि दोन-तीन वर्षांनी त्याच मुलीला निमुळते, थोडे दात येतात. फोड पाहणाऱ्या डॉक्टरांना दात दिसणे शक्य नसते आणि दात पाहणाऱ्यांना फोडांची गोष्ट कोणी सांगत नाही.

येथे एक सावधगिरी फार गरजेची आहे. इसब हा मुलांमधला अगदी सामान्य आजार आहे आणि दात कमी असणेही दुर्मीळ नाही. समजा हजार मुलांपैकी शंभरांना इसब आहे आणि साठांना एखादा दात कमी आहे. तर दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नसताना, निव्वळ योगायोगाने सहा मुलांत त्या एकत्र दिसतील. शिवाय नेहमीच्या इसबाचे सर्वांत ठळक जनुकीय कारण वेगळेच आहे. २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी दाखवून दिले की फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकातील बिघाडाने इसबाचा धोका बराच वाढतो. फिलॅग्रिन त्वचेच्या वरच्या थराला घट्ट बांधते आणि तुटल्यावर पाणी धरून ठेवणारे घटक देते. दात घडवणाऱ्या संदेशांच्या साखळीत त्याचे काम नाही. त्यामुळे इसब असलेल्या प्रत्येक मुलाचे ओपीजी काढायला पळू नये. दात कमी असण्याबरोबर निमुळते दात, विरळ केस, घाम न येणे, पातळ किंवा ठिसूळ नखे यांपैकी काही असेल, किंवा आईच्या माहेरच्या पुरुषांमध्ये लहानपणापासून दात कमी असल्याची गोष्ट घरात सांगितली जात असेल, तर मात्र रक्ताच्या जनुकीय तपासणीचा विषय डॉक्टरांजवळ काढावा.

या सगळ्यात दातांची आणि इसबाची खूण मिळायच्या आधी जी गोष्ट जीवावर बेतू शकते ती म्हणजे घाम. पहिला दात वर्षानंतरही न येणे हे घरात कौतुकाने किंवा काळजीने बोलले जाते, पण त्याच्या कितीतरी आधी बाळाला वारंवार, कारण न सापडणारा चढा ताप येत असतो. मलेरिया, टायफॉइड, लघवीची तपासणी सगळे निर्दोष निघते, अँटिबायोटिके दिली जातात, आणि ताप पंख्याखाली उघडे ठेवल्यावर आपोआप उतरतो. आपल्याकडे बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळणे, टोपडे-मोजे घालणे, न्हाऊ घातल्यावर ओवा-वेखंडाची धुरी आणि शेगडीचा शेक देणे ही मायेची रीत आहे. ज्या बाळाच्या अंगात घामाच्या ग्रंथी नाहीत त्याच्यासाठी हीच माया घातक ठरू शकते, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा तर क्षणाचाही उशीर परवडत नाही. अशा मुलाला ओला सुती बनियन घालणे, पाण्याची फवारणीची बाटली दप्तरात देणे, खेळाच्या तासाला सावलीची आणि पाण्याची सवलत मिळावी म्हणून शाळेला लेखी कळवणे हे उपाय अगदी साधे आहेत, पण त्यांनीच मूल वाचते. त्वचेसाठी कोमट पाण्याची छोटी आंघोळ आणि अंग ओले असतानाच भरपूर मॉइश्चरायझर, रोज, न चुकता.

दातांसाठी वाट पाहू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला कवळी बसवता येते, आणि जबडा वाढेल तशी ती बदलावी लागते. शाळेत जाण्याआधी मुलाला चावता यावे, स्पष्ट बोलता यावे आणि हसताना तोंडावर हात ठेवावा लागू नये, एवढ्यासाठी ती खटपट पूर्णपणे सार्थ आहे. लाळ कमी असल्यामुळे असलेले थोडे दातही लवकर किडतात, तेव्हा फ्लोराइडची काळजी दुप्पट घ्यावी लागते. इम्प्लांट बहुतेकदा जबड्याची वाढ संपल्यावर बसवतात.

मूळ कारणावर उपचार शक्य आहे का, या प्रश्नाचे पहिले ठोस उत्तर जर्मनीतील एर्लांगेन येथून आले. जन्मानंतर बाळांना ईडीए प्रथिन देण्याच्या प्रयत्नाचा उपयोग झाला नव्हता, कारण तोवर ग्रंथी घडण्याची वेळ टळून गेलेली असते. मग होल्म श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये हे प्रथिन गर्भजलात टोचले, जेणेकरून गर्भाने ते गिळावे आणि त्याच्या रक्तात जावे. जुळ्या मुलग्यांना गरोदरपणाच्या २६ व्या आणि ३१ व्या आठवड्यात, आणि आणखी एका मुलग्याला एकदाच हा डोस दिला गेला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार तिघांनाही व्यवस्थित घाम येत होता. त्यानंतर अनेक देशांत मोठी चाचणी हाती घेण्यात आली. आजाराचा अंदाज सोनोग्राफीत गर्भाच्या जबड्यातील दातांच्या कळ्या मोजूनही घेता येतो, पण त्यासाठी आई वाहक आहे हे आधी माहीत असावे लागते. भारतात गर्भलिंगनिदानाला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी लिंगसंलग्न आनुवंशिक आजाराच्या निदानासाठी नोंदणीकृत केंद्रात गर्भाची तपासणी करण्याची मुभा त्याच कायद्यात दिलेली आहे. म्हणून इसबासाठी आलेल्या मुलाचे दात मोजण्याबरोबरच त्याला घेऊन आलेल्या आईचेही दात एकदा पाहावेत, आणि तिचा एखादा पटाशीचा दात टोकदार दिसला तर तिला तिच्या भावांविषयी आणि मामांविषयी विचारावे.